ह्यात हाय न्हाई

तारीख सोळा नोव्हेंबर, रविवार. ठरवलेली रक्कम जास्तीत जास्त अडतीस हजार रुपये. ठिकाण सांगलीतलं वाद्यांचं आणि साउंडच्या सामानाचं दुकान. हजर तिघं: मी, माझा धाकटा भाऊ आणि दुकानाचे मालक, ज्यांना भाऊ चाचा म्हणतो. घ्यायची वस्तू एकच, स्टेजवर पायाशी ठेवायचा मॉनिटर स्पीकर.

मी साताऱ्यात राहते, पतसंस्थेत हिशेब तपासते. घरात काही मोठं घ्यायचं असलं की चौकशी माझ्याकडे येते. इन्व्हर्टर, गिझर, सासूबाईंसाठी हवेची गादी, सगळं मीच पाहिलेलं आहे. माझी पद्धत साधी आहे. जाहिरातीतली विशेषणं सोडून द्यायची, आकडा घ्यायचा आणि तो कशाचा आकडा आहे ते विचारायचं. भावाला संगीत कळतं, मला कळत नाही. पण विकणाऱ्याला चार प्रश्न विचारायला आक्काच लागते, असं तो म्हणतो. आम्ही सीमेजवळच्या गावचे, तिथे थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात.

भाऊ सांगलीत असतो. दिवसा एका हळदीच्या अडत्याकडे वजनकाट्यावर काम आणि कार्यक्रम असेल तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार. लग्नं, वाढदिवस, गणपती, नवरात्र, थर्टी फर्स्टला पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं. तेविसाव्या वर्षी तो या ऑर्केस्ट्रात गेला, आता सत्तेचाळिसावं चालू आहे. स्टेजवर त्याची जागा ठरलेली, ड्रमला लागून. ड्रम त्याच्या डाव्या कानाशी.

दोन वर्षांपूर्वी त्याने जुना जड ॲम्प, म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर, विकला आणि मॉडेलर घेतला. ही पायाने दाबायच्या बटणांची चपटी पेटी असते. गिटारची वायर तिच्यात घालायची आणि मग ती पेटी निरनिराळ्या ॲम्पचे आणि स्पीकरचे आवाज स्वतःच तयार करून देते. म्हणजे बाहेर येणारा आवाज आधीच पूर्ण असतो. त्यामुळे तिला गिटारचा नेहमीचा स्पीकर चालत नाही, तो आपला रंग वर चढवतो. तिला असा स्पीकर लागतो जो स्वतःचं काही घालत नाही. मला हे कळेना, तेव्हा भावाने कामावरचा दाखला दिला. "आक्का, आमचा काटा कसा हाय? पोतं ठेवलं की पोत्याचंच वजन दाखवतो, स्वतःचं त्यात धरत न्हाई. तसला स्पीकर पायजे."

हा स्पीकर प्रेक्षकांसाठी नसतो. प्रेक्षकांचे मोठे स्पीकर पुढे तोंड करून असतात, वाजवणाऱ्याला त्यांतून स्वतःचं धड ऐकू येत नाही. म्हणून त्याच्याकडे तोंड करून एक तिरका स्पीकर पायाशी ठेवतात, तो मॉनिटर. ऑर्केस्ट्राचे असे दोनच होते आणि ते गाणाऱ्यांपुढे असत. भाऊ दोन वर्षं तक्रार करत होता की मला माझं ऐकू येत नाही. आवाज वाढवा म्हणायचा, वाढवला की माइक शिट्टी मारायचा, मग स्टेजवरच तोंडातोंडी व्हायची. नवरात्रात ऑर्केस्ट्राच्या मालकांनी शेवटचं सांगितलं. लग्नसराईच्या पहिल्या तारखेला स्वतःचा मॉनिटर घेऊन ये, नाही तर जागेवर दुसरा उभा करतो.

हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "दुसरा म्हणजे दुसरा मॉनिटर?"

"दुसरा गिटारवाला, आक्का. मॉनिटरला कोण जागेवरून काढतंय?" तो हसला, मग म्हणाला, "एवढा एक डब्बा नीट बघून दे मला."

त्या डब्ब्यावर त्याची जागा अडकली होती. म्हणून मी तीन आठवडे नीटच पाहिलं. आठ स्पीकरांची माहिती काढली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन हजार वॅट लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं. सतत किती पेलतो ते आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतं आणि पुष्कळ कमी असतं. वजन महत्त्वाचं, कारण भाऊ स्कूटीवर पुढे पाय ठेवायच्या जागेत सामान नेतो. दहा इंची तेरा किलोचा, बारा इंची अठराच्या जवळ. आणखी एक आकडा सगळ्यांवर होता, स्पीकर किती बारीक आवाजापर्यंत जातो तो. सगळे वीस हजार हर्ट्झपर्यंत जात होते. या बाबतीत फरक नाही, म्हणून मी तो रकाना सोडून दिला.

त्या रविवारी मी सकाळच्या एसटीने निघाले, अर्ध्या तिकिटात कराड, पेठ नाका, आष्टा करत अकराला सांगलीत उतरले. भाऊ स्टँडवर गिटार पाठीला लावून उभा होता. दुकानापर्यंत त्याची बडबड चालू होती. "शाळेत तू मॉनिटर हुतीस न्हवं? मग माझ्या पायाशी तिरकी होऊन बस की. अडतीस हजार वाचतील."

"बसले असते," मी म्हणाले. "पण चुकलं की छडी मारीन."

"मालक बी तेच करतंय."

चाचांचं दुकान लांबट आहे, पुढे हार्मोनियम आणि ढोलक्या, मागच्या खोलीत स्पीकर. त्यांनी तीन मॉनिटर जमिनीवर तिरके मांडून ठेवले होते: दहा इंची साडेसत्तावीस हजारांचा, बारा इंची चौतीसचा आणि आणखी एक बारा इंची अडतीसचा. भावाने मॉडेलर जोडला, गिटार लावली आणि पहिल्या स्पीकरसमोर उभा राहिला. चाचा आवाज कमी-जास्त करायच्या छोट्या मिक्सरपाशी बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. साउंडवाल्यांच्या भाषेत बारीक, धारदार आवाजाला हाय म्हणतात, जाडीला बेस. आणि आमच्याकडे 'आहे'ला 'हाय' म्हणतात. त्यामुळे मिक्सरवर जो गोंधळ व्हायचा तो होतोच. चाचांनी मला तो आधीच सांगितला. "गणपतीत आमचा पोरगा मिक्सरवर हुता, ताई. लांबनं वरडला, येतोय का आवाज? ह्यो म्हणतोय, हाय न्हाई! पोरगं म्हणतंय, एक काय ते सांगा मामा, हाय का न्हाई? ह्यो परत, आरं हाय न्हाई! समदं मंडळ हसाय लागलं."

भाऊही हसला. "मग काय चुकीचं बोललो? हाय न्हवताच त्यात."

तो वाजवू लागला. मला राग-ताल कळत नाही, पण हात सांगतो. पंचवीस वर्षांचा हात होता, बोटं कुठे जायची ते न बघता जात होती. दहा इंचीवर दोन मिनिटं वाजवून तो थांबला आणि डोकं हलवलं.

"ह्यात हाय न्हाई, चाचा. घोंगडं टाकल्यागत येतंय."

चाचांनी मिक्सरवर हाय वाढवला. पुन्हा वाजवलं. पुन्हा नाही. दुसरा स्पीकर लावला. तोच शेरा. चाचांनी आणखी वाढवला. मी भिंतीशी स्टुलावर होते. प्रत्येक खेपेला तारांचा आवाज कडक होत चालला होता, स्टीलच्या ताटावर सुरी ओढल्यासारखा. माझे दात आंबले. मला आठवलं, गेल्या थर्टी फर्स्टला पाचगणीच्या हॉटेलात आम्ही नवरा-बायको त्याचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो, तेव्हाही गिटार अशीच टोचत होती आणि यजमानांनी कानात रुमालाचं टोक कोंबलं होतं. भाऊ तेव्हा म्हणाला होता, हॉटेलवाल्याचे स्पीकर भंगार आहेत.

तिसरा, अडतीस हजारांचा, लावला. भावाच्या कपाळावर घाम आला होता. "न्हाई हो. महागातला बी तसलाच. सगळ्यांचं हॉर्न गेल्यालं हाय का काय?"

स्पीकरच्या वरच्या भागातला जो छोटा तुकडा बारीक आवाज काढतो तो हॉर्न. चाचांनाही शंका आली. माल प्रवासात आदळतो, म्हणाले, बघू या. त्यांनी मोबाइल जोडला. मोबाइलवर एक ॲप होतं, ते नुसता एकसुरी आवाज काढतं आणि पट्टी सरकवली की तो आवाज जाडाकडून बारकाकडे जातो. चाचा आकडा मोठ्याने सांगत होते.

"पाचशे."

"हां," भाऊ म्हणाला.

"हजार."

"हां."

"दोन हजार. तीन."

"बारीक येतोय. जरा वाढवा."

मग चाचांनी पट्टी पुढे ढकलली आणि खोलीत सुई टोचावी तसा आवाज भरला. मी दोन्ही कानांवर हात दाबले. "अहो, बंद करा, बंद करा!"

भाऊ माझ्याकडे बघून हसला. "काय बंद करा, आक्का? आजून लावलंय कुठं? लावा की चाचा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. "चालू हाय," ते म्हणाले.

"हाय लावायच्या आधी नुसता आवाज तर लावा."

"आवं, चालू हाय. सहा हजारावर हाय."

भाऊ खाली वाकला, कान स्पीकरच्या जाळीला लावला. माझे हात अजून कानांवरच होते. त्याने वर मान केली ती थेट माझ्या हातांकडे. त्याने स्पीकरकडे पुन्हा पाहिलंच नाही, तो माझ्या हातांकडेच बघत राहिला. मी ते खाली घेतले, पण उशीर झाला होता. आवाज चालूच होता आणि चाचा तो बंद करायचं विसरले होते.

मग त्यांनी मोबाइल काढून घेतला, चहा सांगितला. चाचा एवढंच म्हणाले, "मोबाइलच्या ॲपचं काय खरं धरायचं."

"तेच म्हणतो मी," भाऊ म्हणाला आणि गिटार पिशवीत घातली.

सगळ्या स्पीकरांचा आकडा मी पाहिला होता. ऐकणाऱ्याचा कोणी पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर त्याने स्कूटी चालू केली नाही. नुसता सीटवर बसला. म्हणाला, "मालकाला कळलं तर संपलंच. हिला बी बोलू नकोस." हिला म्हणजे त्याच्या बायकोला. मी म्हणाले, आधी तपासू. तो म्हणाला, तपासून काय हुणार, तपासलं की खरं हुतंय. त्या दिवशी मी साताऱ्याला परत गेले. पण बुधवारी रजा टाकली, पुन्हा सांगलीत आले आणि त्याला मिरजेला कानाच्या तपासणीला नेलं.

काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. सुरुवातीला त्याचं बोट पटापट बटण दाबत होतं. मग ते थांबलं. तो नुसता बटणावर बोट ठेवून वाट बघत बसला, चेहरा असा की आता येईल, आता येईल. तपासणाऱ्या बाई इकडे खटके दाबत होत्या, त्याला ते दिसत नव्हतं.

कागदावरची रेघ तीन हजारांपर्यंत बऱ्यापैकी सरळ आणि पुढे दरडीवरून घसरल्यासारखी खाली. डाव्या कानाची जास्त. बाईंनी विचारलं, डाव्या बाजूला काय असतं? भाऊ म्हणाला, ड्रम. त्यांनी मान हलवली. हे परत येत नाही, मोठ्या आवाजापासून लांब राहिलात तर उरलेलं राहील, आणि बोलणं नीट ऐकू यायला दोन्ही कानांना मशीन लावा, असं त्यांनी सांगितलं. भावाने एकच प्रश्न विचारला. मशीन लावून गिटार पहिल्यासारखी ऐकू येईल का? त्या म्हणाल्या, मशीन बोलण्यासाठी असतं.

मला वाटलं, अजून एक वाट आहे. मॉडेलरच्या पडद्यावर प्रत्येक गोष्टीचा आकडा दिसतो. हाय शून्य ते दहा, बेस शून्य ते दहा. भाऊ आजवर कानाने लावत होता आणि कान कमी ऐकत होता, म्हणून हाय साडेआठ-नऊवर जात होता आणि लोकांचे कान किटत होते. मी म्हणाले, कानाने लावू नकोस, आकड्याने लाव. पाचवर ठेव आणि हात लावू नकोस. वाजवणारा हात तर जागेवर आहे. मला स्वतःलाच हे इतकं पटलं की मी चाचांकडून दहा इंची मॉनिटर दोन दिवसांसाठी भाड्याने ठरवला आणि बाईंनी मोठ्या आवाजाचं सांगितलेलं असूनही म्हणाले, एकदा बघू तर.

तेवीस तारखेच्या रविवारी मालकांच्या गोडाऊनमध्ये तालीम होती. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले, भावाची बहीण सहज आली म्हणून. त्याने मॉनिटर पायाशी ठेवला, मॉडेलर चालू केला आणि माझ्यासमोर हाय पाचवर आणून सोडला. तीन गाणी झाली. मी खोटं लिहीत नाही, मी त्याची गिटार इतकी गोड कधी ऐकली नव्हती. टोचत नव्हती, कुणाच्या अंगावर येत नव्हती, गाणाऱ्या बाईंच्या आवाजाखाली पाण्यासारखी वाहत होती.

तिसरं गाणं संपलं तसे मालक कीबोर्डमागून उठून आले. रागीट माणूस, पण मोकळा. त्यांनी भावाच्या पाठीत थाप मारली. "गड्या, दोन वर्सं कुठं ठेवली हुतीस रं ही गिटार? मॉनिटर आणला तर हे असं वाजवतोस! आदीच आणला असतास तर माजं निम्मं डोकं तरी जाग्यावर राहिलं असतं." सगळे हसले. ड्रमवाल्याने झांज वाजवली.

भाऊही हसला. मला वाटलं, जमलं. जागा राहिली. मी मनातल्या मनात साडेसत्तावीस हजारांतून किती सूट मागायची ते ठरवायला लागले.

चौथ्या गाण्याआधी तो पाणी प्यायला माझ्याजवळ आला. मी हळूच म्हणाले, "बघ, मालक खूश आहेत."

"काय?"

"मालक खूश आहेत."

"व्हय. खूश हाय." त्याने बाटलीचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, मला कायबी ऐकू येत न्हाई गं. म्हंजे येतंय, पण तार न्हाई त्यात. नुसती धडधड. बोटं तिथं गेली म्हंजे सूर तिथं लागला असंल, असं धरून चाललोय. समदी म्हणत्यात लय गोड. असंल. ज्यानं सैपाक केला त्याच्याच जिभेला चव न्हाई म्हटल्यावर, त्यानं ताटं वाढत बसायचं का?"

मी म्हणणार होते, वाढणाऱ्याला पैसे मिळतात, मान मिळतो, जागा राहते. हे सगळं खरं आहे. पण तो पैशांचं विचारत नव्हता.

त्याने उरलेली तालीम पूर्ण केली. एकही चूक नाही. सगळे वायरी गुंडाळू लागले तेव्हा तो मालकांकडे गेला आणि त्यांना बाजूला घेऊन उभा राहिला. मी लांबून पाहिलं. मालक आधी हसत होते, मग हसायचे थांबले. त्यांनी भावाचा दंड धरला. एकदा आवाज चढवला, "अरं पण आज तर वाजवलंस की!" भाऊ काहीतरी बोलला. मालकांनी स्वतःचा कान चोळला, त्यांचाही तोच स्टेज आहे. मग दोघं बराच वेळ मॉनिटरवर शेजारी शेजारी बसले, लहान मुलं बाकावर बसतात तसे. तेरा किलोचा स्पीकर, दोन माणसांचं वजन घेईल की नाही, हे माझ्या डोक्यात आलं. असल्या वेळी माझ्या डोक्यात असलंच येतं.

स्कूटीवर मागे बसून मी त्याच्या घरी गेले. वाटेत मी दोनदा काही विचारलं, त्याने दोन्ही वेळा 'हां' म्हटलं आणि मला कळलं की त्याने ऐकलेलं नाही. घरी जेवताना त्याने बायकोला स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम उत्तर देत न्हाई." एवढंच म्हणून ती आत भाकरी करायला गेली आणि भाकऱ्या झाल्यावरही तिथेच बसून राहिली.

लग्नसराईच्या पहिल्या तारखेला त्याच्या जागेवर कोल्हापूरचा एक जण उभा राहिला. त्याबद्दल भावाने काही वाईट बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवशी हळदीच्या गोदामात जादा वेळ थांबला, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

डिसेंबरात मशीन बसवायला मी पुन्हा मिरजेला गेले. दोन्ही कानांत लावून बाईंनी चालू केलं, तेव्हा तो दचकून भिंतीवरच्या पंख्याकडे बघू लागला. एवढा आवाज करतो? मला आणि त्या बाईंना हसू आलं. नंतर त्याने खिशातून पिक, म्हणजे गिटारच्या तारा छेडायची चकती, काढली आणि नखावर, टेबलाच्या कडेवर टिचकवून पाहिली, कान वाकडा करून. पुन्हा पाहिली. पत्र्यासारखं लागतंय, म्हणाला आणि ती परत खिशात ठेवली.

मॉनिटर घेतला नाही. चाचांना दोन दिवसांच्या भाड्याचे आठशे ठरले होते, त्यांनी सहाशेच घेतले. ते मी दिले. कानाच्या मशीनचे, दोन्ही बाजूंचे मिळून, एकेचाळीस हजार पाचशे रुपये भावाने मिरजेच्या केंद्राला रोख दिले आणि पावती स्वतःच्या नावाची घेतली.